धूळ मापनात कशी शिरते?

पंखा बिघडला की फिरायचा थांबतो, दिवा गेला की अंधार होतो. बिघाड झाल्याचे आपल्याला लगेच समजते. मोजणाऱ्या उपकरणाचे मात्र तसे नाही. मल्टिमीटरमध्ये मळ साचला, त्याचे संपर्क काळे पडले किंवा त्यातला घट गळू लागला, तरी ते बहुधा बंद पडत नाही. काटा सरकतो, आकडा उमटतो. फक्त तो आकडा खरा नसतो. प्रयोगवहीत असा आकडा लिहिला गेला तर फार तर गुण जातील. पण तारेत वीज आहे की नाही हे पाहायला कुणी मीटर लावला आणि त्याने शून्य दाखवले, तर त्या शून्यावर विसंबून तो माणूस तारेला हात लावतो. म्हणून मापक उपकरणांची साफसफाई हे शिपायाने शनिवारी फडके मारून उरकण्याचे काम नव्हे. मापन जिथे सुरू होते, तिथेच ते येते.

विजेच्या दृष्टीने मळ म्हणजे काय? मळ हा एक रोध आहे. तो कुणी विकत आणलेला नाही, त्यावर रंगीत पट्टे नाहीत आणि परिपथाच्या आकृतीत तो काढलेला नसतो. तरी परिपथात तो हजर असतो. आता रोध दोन प्रकारे जोडता येतात, एकसर आणि समांतर, हे तुम्ही शिकला आहात. मळदेखील याच दोन प्रकारांनी येऊन बसतो, आणि दोन्ही वेळा त्याचे परिणाम अगदी वेगळे होतात.

एकसर बसणारा मळ प्रोबच्या टोकांवर, प्रोब जिथे खोचतो त्या खोबणीत आणि मीटरच्या मधल्या फिरत्या स्विचच्या पट्ट्यांवर सापडतो. समजा, तुम्हाला १ ओहमचा रोध मोजायचा आहे. प्रोबच्या टोकांवरच्या काळसर थराने त्यात अर्ध्या ओहमची भर घातली, तर मीटर १.५ ओहम दाखवील. म्हणजे चूक ५० टक्के! हाच अर्धा ओहम १०,००० ओहमच्या रोधाला चिकटला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. याची तपासणी सोपी आहे. डिजिटल मीटर सर्वांत लहान ओहमच्या पट्ट्यावर ठेवा आणि दोन्ही प्रोबची टोके एकमेकांवर घट्ट दाबा. प्रोबच्या तारांचा स्वतःचा रोध धरून ०.२ ते ०.३ ओहमच्या आसपास आकडा यावा. तो १-२ ओहमपर्यंत चढत असेल, किंवा प्रोब खोबणीत जरा हलवताच नाचू लागत असेल, तर मळ कुठे आहे हे कळलेच. काट्याच्या मीटरमध्ये मात्र एक गंमत होते. त्यात 'शून्य जुळवणी'ची घुंडी असते आणि मापनापूर्वी ती फिरवून आपण काटा शून्यावर आणतो. ही घुंडी मळाचा रोधही पोटात घालते. काटा छान शून्यावर बसतो आणि सगळे ठीक आहे असे वाटते; पुढच्या क्षणी संपर्क हलला की ती जुळवणी फुकट जाते.

फिरत्या स्विचच्या पट्ट्यांवर बऱ्याचदा चांदीचा मुलामा असतो. घरातली चांदीची निरांजने काही महिन्यांत काळी पडतात, ते तुम्ही पाहिले असेल. हवेतील अत्यल्प हायड्रोजन सल्फाइड वायूशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा थर बनतो. गटारे, कुजणारे पदार्थ, काही प्रकारचे रबर यांतून हा वायू येतो. स्विचवरही हाच थर चढतो. त्यावर पहिला उपाय फुकटचा आहे: प्रोब काढून ठेवा, मीटर कोणत्याही परिपथाला जोडलेला नाही याची खात्री करा आणि स्विच या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. हे स्विच घासत सरकणारे असतात, त्यामुळे थर आपोआप पुसला जातो. वर्षभर कपाटात पडलेल्या मीटरला एवढेच पुरते. न पुरल्यास संपर्क स्वच्छ करणारा खास द्रव मिळतो, तो शिक्षकांनी थेंबभर वापरावा. पॉलिश पेपर मात्र कधीही लावू नये. मुलामा अतिशय पातळ असतो. चार वेळा घासले की तो संपतो आणि खालचे पितळ किंवा तांबे उघडे पडते. ते चांदीपेक्षा लवकर खराब होते. त्या दिवशी स्विच चकचकीत दिसतो, हे खरे.

समांतर बसणारा मळ अधिक लबाड आहे, कारण तो दिसतही नाही. उपकरण उघडून कुणी सर्किट बोर्डावर बोट टेकवले, तर तिथे तेलकट ठसा उरतो. घामात मीठ असते. आता पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते, ते आठवा. शुद्ध सोडिअम क्लोराइडसुद्धा हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतले बाष्प ओढून घेऊन विरघळू लागते. बोर्डावरच्या ठशातले मीठही तेच करते. मिठाचे पाणी वीज वाहून नेते. म्हणजे मे महिन्यात नागपूरला जो ठसा निरुपद्रवी होता, तोच जुलैत रत्नागिरीला दोन टोकांना जोडणारी बारीकशी तार होतो.

त्याने काय बिघडते ते आकड्यांत पाहू. समजा, मीटरच्या आत अशा ठशामुळे ९० मेगओहमचा चोरटा मार्ग तयार झाला. (एक मेगओहम म्हणजे दहा लाख ओहम.) तुम्ही १० मेगओहमचा रोध मोजायला घेतला, की तो आणि चोरटा मार्ग समांतर जोडले जातात. १० गुणिले ९० भागिले १००, उत्तर ९ मेगओहम. चूक १० टक्के. १ मेगओहमचा रोध मोजला तर मीटर ०.९८९ दाखवील, म्हणजे चूक एका टक्क्याच्या आसपास. आणि १,००० ओहमचा रोध मोजला तर चूक शोधूनही सापडणार नाही. एकच उपकरण, एकाच दिवशी, एका पट्ट्यावर खरे बोलते आणि दुसऱ्यावर खोटे! एकसर मळ लहान रोध बिघडवतो, समांतर मळ मोठे रोध बिघडवतो. 'आमचा मीटर अगदी बरोबर आहे, परवाच तपासला' असे कुणी म्हणाले, तर कोणत्या पट्ट्यावर तपासला, हे जरूर विचारावे.

हा चोरटा मार्ग वर्गात दाखवता येतो. टीपकागदाचा कोरडा तुकडा काचेवर ठेवा. मीटर २० मेगओहमच्या किंवा त्यात असेल त्या सर्वांत मोठ्या पट्ट्यावर लावा आणि दोन प्रोब सेंटिमीटरभर अंतरावर कागदावर दाबा. बोटे धातूच्या टोकांना लागू देऊ नका, नाहीतर तुमच्या शरीराचाच रोध मोजला जाईल. कोरड्या हवेत बहुधा 'मापनाबाहेर' असल्याची खूण दिसेल. आता कागदावर तीन-चार वेळा तोंडाची वाफ सोडा आणि पुन्हा पाहा. मग दुसऱ्या तुकड्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकून तो रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही तुकड्यांवर सारखीच वाफ सोडून कोणाचा रोध जास्त उतरतो त्याची नोंद करा.

एवढ्या पार्श्वभूमीवर एक खरी घडलेली, पण ऐकताना थट्टा वाटणारी गोष्ट सांगतो. ऑसिलोस्कोप म्हणजे दोलनदर्शी हे उपकरण तुम्ही चित्रात तरी पाहिले असेल. बदलता विद्युत्‌दाब ते पडद्यावर लाटेच्या रूपात काढून दाखवते. अमेरिकेतील ओरेगन राज्यात १९४६ साली टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत तिचे दोलनदर्शी जगभरच्या प्रयोगशाळांत गेले. ही महागडी, नाजूक उपकरणे दुरुस्तीसाठी परत आली की कंपनीच्या दुरुस्ती केंद्रांत ती चक्क धुतली जात. बाहेरचे आवरण काढायचे, सौम्य साबणाच्या पाण्याचा फवारा मारायचा, स्वच्छ पाण्याने धुवायचे, हवेच्या झोताने पाणी उडवायचे आणि मग मंद उष्णतेच्या भट्टीत पूर्ण वाळवायचे. जुळवणी आणि तपासणी त्यानंतर!

एवढा खटाटोप कशासाठी? त्या काळचे दोलनदर्शी निर्वात नळ्यांवर चालत. त्यांतल्या मोठ्या नमुन्यांना सुमारे ५०० वॅट वीज लागे, म्हणजे जवळजवळ छोट्या शेगडीएवढी. ती उष्णता बाहेर टाकायला मागे पंखा असे आणि पंख्यासोबत खोलीतली धूळ आत येई. शिवाय पडद्याच्या ऋण किरण नळीला काही हजार व्होल्टचा दाब लागतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसेच उच्च दाबाचे हे भाग धूळ ओढून घेतात. धुळीचा थर पांघरुणासारखे काम करतो आणि भाग तापतात. विद्युत्‌विच्छेद्य धारित्र म्हणजेच इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जितका तापेल तितका लवकर म्हातारा होतो. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. तीच धूळ दमट झाली की उच्च दाबाला चोरटी वाट मिळते, ठिणग्या उडतात. ब्रशने वरची धूळ निघते, पण तिच्यात मुरलेले क्षार आणि तेल निघत नाही. ते पाण्याने आणि साबणानेच निघते.

पण पाण्याने उपकरण खराब होत नाही का? होते, ते दोन कारणांनी: वीज चालू असताना पाणी पडले तर, किंवा पाणी आत राहून गेले तर. शुद्ध पाणी विजेचे फारच कमी वहन करते. वहन होते ते पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. विहिरीचे पाणी वाळल्यावर काचेवर पांढरे डाग उरतात, ते हेच क्षार. म्हणून आजही सर्किट बोर्ड धुणाऱ्या कारखान्यांत शेवटची धुणी क्षार काढून टाकलेल्या पाण्याची असते. हा सगळा खटाटोप अनुभवी हातांनी, भट्टीत वाळवण्याची सोय असताना करायचा. शाळेत कुणी नळाखाली मीटर धरला तर त्याच्या फिरत्या वेटोळ्याचे चुंबक आणि बारीक कमानी गंजतील आणि मीटर कायमचा जाईल.

टेक्ट्रॉनिक्सच्या त्या जुन्या उपकरणांबद्दल आणखी एक सांगण्यासारखे आहे. त्यांतले जोड चिनी मातीच्या पट्ट्यांवर चांदीचा थर देऊन त्यावर डाखलेले असत. साधे डाख वापरले तर कथिल तो चांदीचा थर विरघळवून टाकते. म्हणून कंपनी थोडी चांदी मिसळलेल्या डाखाची एक लहानशी गुंडाळी उपकरणाच्या आतच ठेवून देई. पंधरा वर्षांनी, हजारो किलोमीटरवर, कुणीतरी अनोळखी माणूस हे दुरुस्त करील आणि त्याला ही गोष्ट हाताशी लागेल, असा विचार कारखान्यातच झालेला होता. उपकरण बनवणाऱ्याची पारख मी तरी अशा ठिकाणी करतो.

आता आपल्या शाळेकडे वळू. ऋण किरण नळीचा जुना दोलनदर्शी कपाटात असेल तर त्याचे आवरण विद्यार्थ्यांनी उघडू नये. वीज बंद करून, प्लग काढून ठेवल्यानंतरही आतली धारित्रे आणि नळी बराच वेळ भारित राहू शकतात आणि जीवघेणा झटका देऊ शकतात. ते काम जाणकार तंत्रज्ञाचे. बाहेरून मात्र बरेच करता येते. प्लग काढून, मऊ केसांच्या कोरड्या ब्रशने हवेच्या फटी आणि घुंड्यांभोवतीची धूळ झाडावी. पंख्याची जाळी स्पंजाची असेल आणि बाहेरून निघत असेल, तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण सुकल्यावरच बसवावी. आवरण पुसायला सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले फडके घ्यावे. पाणी फडक्यावर घ्यायचे, उपकरणावर ओतायचे नाही. ॲसिटोन, थिनर, पेट्रोल ही मंडळी दूर ठेवावीत. त्यांनी प्लॅस्टिक धुरकट होते, त्याला तडे जातात.

प्रोबची टोके व खोबणी पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल चांगले. ते पटकन उडून जाते आणि मागे काही उरत नाही. ते ज्वालाग्राही आहे, तेव्हा खिडक्या उघड्या आणि बर्नर बंद. २०२० च्या साथीपासून घरोघरी हात निर्जंतुक करणारा सॅनिटायझर आला; त्यातही अल्कोहोल असतेच, मग तोच का वापरू नये, असा प्रश्न पडेल. त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून बहुधा ग्लिसरीन घातलेले असते. अल्कोहोल उडते आणि ग्लिसरीन मागे राहते. ते बाष्प शोषते, त्यावर धूळ चिकटते. मळ काढायला जाऊन आपण नवा मळ लावून येतो.

मल्टिमीटरला सर्वांत जास्त मारणारी गोष्ट म्हणजे त्याच्याच पोटातला घट. साध्या कोरड्या घटात जस्ताचे भांडे हाच एक विद्युतदंड असतो आणि घट वापरला जातो तसतसे ते भांडे खाल्ले जाते. शेवटी त्याला भोके पडून आतला आम्लधर्मी क्षार बाहेर येतो. अल्कलाइन घटातून पोटॅशिअम हायड्रॉक्साइड झिरपते, ते हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून पांढरी भुकटी बनते. ही भुकटी नुसती खरवडून भागत नाही. येथे रसायनशास्त्राच्या तासाला शिकलेले उदासिनीकरण उपयोगी पडते. हातमोजे व चष्मा घालून, अल्कलाइन घटाच्या भुकटीला व्हिनेगरमध्ये जेमतेम भिजवलेला कापूस लावायचा आणि आम्लधर्मी गळतीला खाण्याच्या सोड्याचे पाणी. मग ओलसर कापूस, शेवटी अल्कोहोल, आणि दिवसभर वाळवण. स्प्रिंगवर निळसर-हिरवा रंग दिसला तर गंज तांब्यापर्यंत पोहोचला असे समजावे. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी सगळ्या मीटरांतले घट काढून ठेवले, तर यातले काहीच करावे लागत नाही. घट बदलण्यासाठी मागचे झाकण उघडण्याआधी दोन्ही प्रोब काढावेत, हा क्रम मोडू नये.

काट्याच्या मीटरची दोन वैशिष्ट्ये येथे सांगितली पाहिजेत. पहिले असे की, त्याची पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी कोरड्या फडक्याने जोरात घासली तर तिच्यावर स्थिर विद्युत तयार होते आणि मीटर कशालाही जोडलेला नसताना काटा उचलला जातो किंवा मध्येच अडकून राहतो. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत हे हमखास दिसते. बऱ्याच जणांना वाटते, मीटर बिघडला. खिडकीवर एकदा वाफ सोडा, काटा मुकाट्याने जागेवर येईल. साबणाच्या अगदी विरळ पाण्याने पुसल्यास हा त्रास बरेच दिवस होत नाही. दुसरे वैशिष्ट्य मीटर उचलून नेण्याविषयी आहे. गॅल्व्हॅनोमीटर हळूच डावी-उजवीकडे हलवा. काटा जोराने झोकांड्या खाईल. आता त्याची दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडा आणि पुन्हा तसेच हलवा. काटा जणू मधात बुडाला आहे! चुंबकाच्या क्षेत्रात वेटोळे फिरले की त्यात प्रवाह निर्माण होतो आणि लेंझच्या नियमानुसार तो प्रवाह फिरण्याला विरोध करतो. टोके मोकळी असली तर प्रवाहाला वाटच नसते, म्हणून विरोधही नसतो. अनेक मल्टिमीटरांत 'बंद' या खुणेवर स्विच आणला की वेटोळ्याची टोके आतल्या आत जोडली जातात. कपाटात ठेवताना स्विच तिथे ठेवायचा, तो यासाठी.

फ्यूजबद्दल थोडक्यात, पण कळकळीने. मल्टिमीटरमध्ये मोठा प्रवाह मोजण्याची वेगळी खोबण असते आणि तिच्यामागे अगदी थोड्या रोधाची धातूची पट्टी असते. प्रोब त्या खोबणीत राहून गेला आणि कुणी २३० व्होल्टचा दाब मोजायला गेले, तर ते मीटर म्हणजे साधी तार झाली. त्या वेळी आड येतो तो फ्यूज. चांगल्या मीटरांत तो चिनी मातीच्या नळीचा, आत वाळू भरलेला असतो. तार वितळताना जो विद्युत् कंस पेटतो, त्याची उष्णता वाळू शोषून घेते आणि कंस विझवते. असा फ्यूज गेला म्हणून तिथे काचेचा स्वस्त फ्यूज किंवा तांब्याची तार बसवणे म्हणजे मीटर हातबॉम्ब करून ठेवणे होय. त्याच मापाचा, त्याच दाबाचा फ्यूज मिळेपर्यंत मीटर कपाटात राहिला तरी चालेल.

इतके करूनही मीटर खरे बोलतो आहे की नाही हे कसे ओळखावे? वीज तंत्रज्ञांची एक पद्धत आहे. तारेत वीज नाही याची खात्री करायची असेल, तर आधी मीटर जिथे वीज नक्की आहे तिथे लावून पाहायचा, मग त्या तारेला, आणि मग पुन्हा नक्की वीज असलेल्या जागी. तिन्ही वेळा अपेक्षित उत्तर आले तरच मधले शून्य खरे. शाळेत घरगुती विजेऐवजी नवा घट घेऊन हीच पद्धत शिकता येते.

आणखी एक साधन दहा-वीस रुपयांत होते. एक टक्का अचूकतेचे तीन रोध घ्या: १ ओहम, १,००० ओहम आणि १० मेगओहम. ते सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. दर महिन्याच्या पहिल्या तासाला शाळेतला प्रत्येक मीटर या तिघांवर लावून आकडे वहीत लिहायचे. तारीख, हवा कोरडी की दमट, तेही लिहायचे. ही अंशशोधनाची जागा घेत नाही. खऱ्या अंशशोधनाची साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जपलेल्या मानकांपर्यंत जाते. पण १ ओहमचा आकडा चढू लागला तर संपर्क पुसायचे, १० मेगओहमचा आकडा जुलैत उतरून नोव्हेंबरात परत वर आला तर आत कुठेतरी ठसा आहे, आणि तिन्ही एकदम सरकू लागले तर आधी मीटरचा घट बदलून पाहायचा, एवढे ती वही सांगते. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर सुरुवात जूनमध्ये, शाळा उघडल्या उघडल्या करावी. पावसाळ्याचे चार महिने त्यात आले नाहीत तर मोठ्या रोधाच्या नोंदी फारसे काही बोलत नाहीत.